नारिंगी अस्तर

१

आदेश टेमकर सापडला तेव्हा दुपार कलली होती. शेजारचा कुशाबा फवारणीचा पंप धुवायला ओढ्यात उतरला आणि पलीकडच्या घाणेरीत त्याला पोरगं दिसलं. पाठ वरच्या वावराच्या दगडी तालीला टेकलेली, मान छातीवर. कुशाबानं दोनदा हाक मारली, मग जवळ गेला, आणि पंप तिथंच टाकून पळत वस्ती गाठली.

फौजदार प्रतीक्षा रोकडे चिंचमळ्यात पोचली तोवर निम्मी वस्ती ओढ्यात जमली होती आणि सगळा दोष बिबट्याच्या माथी मारून मोकळीही झाली होती. जुन्नर-आंबेगावात काही विपरीत घडलं की पहिलं नाव बिबट्याचं, कारण तो बिचारा कधी जबाब द्यायला येत नाही. पण इथे दाताची खूण नव्हती, नखाची नव्हती. डोक्याला मागून मार होता, मांडी मोडली होती, ओठांवर रक्त सुकलं होतं. मोबाईल ओढ्याच्या पाण्यात पडलेला. ताल दीड पुरुष उंच. वरून पडला असेल, नाहीतर कोणी ढकलला असेल.

पण खरी अडचण वेगळीच होती. आदेशच्या अंगात त्याचं नेहमीचं जॅकेट होतं, आणि ते उलटं होतं. शिवणी बाहेर, मानेवरचं लेबल बाहेर, आणि हिरवट कापडाच्या जागी सगळीकडे आतलं भडक नारिंगी अस्तर.

"मॅडम, सवताच्या हातानं कुनी असं घालतं का?" हवालदार चिमाजी म्हणाले. "आधी कुनीतरी काढून घेतलंय. मंग भ्याला आन घाईघाईत परत चढवलंय."

प्रतीक्षालाही तेच वाटलं. तिनं वर पाहिलं. तालीवर मका उभा होता आणि मक्याभोवती तारेला जुनी लुगडी बांधली होती. जांभळं, मोरपंखी, पिवळं, गुलबक्षी. "डुकरांसाठी," चिमाजींनी न विचारता सांगितलं. रंगीत कापड दिसलं की रानडुकराला माणूस उभा आहे असं वाटतं म्हणे. ओढ्याच्या या अंगाला, चढावर, टेमकरांचं घर होतं. गोठा, घासाचं वावर, अंगण, सगळं तालीपासून स्वच्छ दिसत होतं. अंगणात आदेशच्या आईला बायांनी धरून ठेवलं होतं आणि तिचा आवाज ओढ्यात नीट ऐकू येत होता.

"सकाळपासून इकडे कोण आलं होतं?" प्रतीक्षानं कुशाबाला विचारलं.

कुशाबानं तिच्या छातीवरच्या पाटीवरचं आडनाव वाचलं आणि नजर खाली घातली. "आलं व्हतं एक पोरगं. दहाच्या सुमाराला. आदेशचा मैतर, अवसरीच्या कालेजातला." त्यानं पुन्हा पाटीकडे पाहिलं. "परबुद्ध भालेराव. तुमी वळखत असाल."

२

प्रबुद्धला त्याच संध्याकाळी उचललं. ठाण्याच्या साहेबांना उशीर परवडणारा नव्हता, हायवेवर रास्ता रोको होईल अशी कुणकुण होती. आणि खरं सांगायचं तर पोराविरुद्ध पुरावाही बरा होता. आदल्या दिवशी मंचरच्या एका चहाच्या टपरीवर त्याचं आणि आदेशचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेही त्याच जॅकेटवरून. चार जणांनी कानांनी ऐकलं होतं.

दोघांनाही एकच वेड. जुन्या लढाऊ वैमानिकांची जॅकेटं, म्हणजे खरी नव्हेत, हुबेहूब नकला. पोरं त्यांना 'रिप्रो' म्हणायची. कुठल्या सालच्या जॅकेटला कसली चेन होती, बाहीवर खिसा कुठे होता, मनगटाची वीण किती घट्ट होती, ह्यावर दोघं तासन्‌तास बोलायचे. जपानातल्या कुठल्या तरी छोट्या कारखान्यानं मूळ जॅकेटातली वाकडी शिवणसुद्धा तशीच वाकडी मारलीय, ह्याचं आदेशला कोण कौतुक. विमानात तो जन्मात बसला नव्हता. वस्तीवर त्याला 'पायलट' म्हणून चिडवायचे, मोटर चालू करायला निघाला की 'इमान सुटलं का राव' असं विचारायचे. उन्हाळ्यात घामानं निथळत जॅकेट घालून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवणारा हा एकटाच. जानेवारीत मात्र सगळे हसायचे थांबायचे, कारण तेव्हा वस्तीवर सगळ्यांत उबदार तोच असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतीक्षा टेमकरांच्या घरी गेली. बाप, सोपान, ओट्यावर बसला होता. तो उठला नाही.

"तुमाला कशाला धाडलं?" तो म्हणाला. "तुमी तुमच्या मानसाला सोडवनार. सगळी वस्ती तेच बोलतीय."

प्रतीक्षाला राग आला नाही. इतकी वर्षं हे ऐकून राग जिरून गेला होता, उरला होता तो नुसता थकवा. पोरगं दोषी निघालं असतं तर ह्याच लोकांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. निर्दोष असेल तर मात्र तिचा शब्द कवडीमोल होता. तिला असा पुरावा हवा होता जो ह्याच घरातून येईल.

आदेशची धाकटी बहीण अक्षदा तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. खिळ्यांना दोन जॅकेटं टांगलेली होती, एक चामड्याचं, एक लोकरी कॉलरचं. तिसरा खिळा रिकामा होता.

"भांडण कशावरून झालं, ठाऊक आहे?"

"दादानं त्या हिरव्या जॅकेटावर एक बिल्ला शिवला होता," अक्षदा म्हणाली. "कुठल्या तरी जुन्या तुकडीचा. ती सगळी माणसं लढाईत मेली होती म्हणे. प्रबुद्धदादा म्हणाला, जॅकेटाची नक्कल चालंल, बिल्ला कमवायला लागतो. ह्ये लावून हिंडलास तर तुझं माझं संपलं. त्याचे पणजोबा पलटणीत होते ना, ते ब्रह्मदेशातून परत आलेच नाहीत. घरी आल्यावर दादा जेवला नाही."

प्रेताच्या अंगावरल्या जॅकेटाला बिल्ला दिसला नव्हता. प्रतीक्षानं मनातल्या मनात उलटं जॅकेट पुन्हा पाहिलं. नारिंगी अस्तर, शिवणी, लेबल. बिल्ला असलाच तर आत दडला होता. आणि नसला, तर साहेब म्हणणार की हे पोरगं बिल्ला उपटायलाच गेलं होतं.

३

आदेशची आई, साळुबाई, गोठ्याच्या दाराशी बसली होती. रडणं संपलं होतं. ती एका सुरात बोलत होती आणि हातातली घासाची काडी मोडत होती.

"आंधारातच उठला. मोटर सुरू करतो म्हनला, तिथनंच नारायनगावला जाऊन येतो म्हनला. म्हून मी वाट न्हाई बघितली. वाट बघायचं कारनच न्हाई राहिलं." तिनं नवी काडी घेतली. "त्ये जाकीट घातलं व्हतं. कवा धुवायला दिलं न्हाई बघा मला त्ये. तुला धुता यायचं न्हाई म्हनायचा. आतून कसं हाय त्ये मी बघितलं बी न्हाई कधी."

"मावशी, तुम्ही सकाळी कुठे होतात?"

"हितंच. उजाडल्यापासून घास कापत व्हते, मंग वरच्या वावरात टमाटी तोडली. तोंड समद्या वेळ तिकडंच व्हतं, वड्याकडं. तालीकडं कुनी म्हंजे कुनी आलं न्हाई. वाऱ्यानं तेवढं लुगडं हालत व्हतं, दुसरं काय न्हाई."

"काही आवाज? ओरडणं?"

"कुशाबाचा फवारनीचा ब्लोअर चालू व्हता सकाळधरनं. त्यात काय ऐकू येतंय."

प्रतीक्षा तिथून कुशाबाच्या द्राक्षबागेत गेली. कुशाबा तिला बघून अवघडला. कालचं त्याचं बोलणं त्यालाही बोचलं असावं, कारण आज त्यानं बसायला पोतं अंथरलं. प्रबुद्ध दहाला आला, ओढ्याच्या वाटेनं वळणावरच्या मोठ्या चिंचेपाशी गेला आणि थोड्या वेळानं तरातरा परत निघून गेला, एवढंच त्यानं पाहिलं होतं. चिंचेच्या पुढं गेला का, ते झाडाआड दिसलं नव्हतं.

"तुम्ही फवारणी कधी सुरू केलीत?"

"फटफटल्याबरूबर. धुई पडली व्हती, औषध मारल्याबिगर गत्यंतर न्हाई."

"वाऱ्यात औषध उडत नाही का?"

कुशाबानं तिच्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "मॅडम, वारं असतं तर मी औषध मारलं असतं का? दुसऱ्याच्या बागंवर गेलं असतं समदं. काल पान हालत नव्हतं. दुपारपतोर पान हालत नव्हतं."

प्रतीक्षा उठता उठता पुन्हा पोत्यावर बसली. पानसुद्धा हलत नव्हतं, आणि ओढ्यापलीकडे एक लुगडं हलत होतं.

४

प्रबुद्ध कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. दोन दिवसांत त्याला एवढंच कळलं होतं की आदेश मेला आणि आळ आपल्यावर आहे. जॅकेट उलटं होतं, ही गोष्ट साहेबांनी त्याच्यापासून मुद्दाम दडवून ठेवली होती. खुनी असेल तर तो आपणहून बोलून जाईल, असा त्यांचा हिशेब.

"मी खोटं नाही बोलत, मॅडम," तो म्हणाला. "आदल्या रात्री त्याचा मेसेज आला, उद्या ये, एक दाखवायचंय. उजाडताना मी अवसरीतच होतो, मेसवाल्यानं पाहिलंय, रूमवरच्या पोरांनी पाहिलंय. मग मंचरवरून जीप धरली. घराला कडी होती. फोन लागेना. चिंचेपर्यंत गेलो, तिथून ताल दिसत नाही. वाटलं, मुद्दाम बोलावून फजिती केली माझी. शिव्या घालत परत गेलो." त्यानं तोंड फिरवलं. "शिव्या घातल्या मी त्याला."

प्रतीक्षानं साहेबांचा हिशेब मोडला. "जॅकेट त्याच्या अंगात होतं. पण उलटं. नारिंगी अस्तर बाहेर."

प्रबुद्ध तिच्याकडे पाहतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथे जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं.

"म्हणजे तो जिवंत होता," तो म्हणाला.

"कशावरून?"

"ते अस्तर त्यासाठीच असतं. विमान पडलं, वैमानिक जखमी होऊन कुठंतरी रानात पडला, तर त्यानं जॅकेट उलटं करायचं. हिरवं झाडीत दिसत नाही. नारिंगी लांबून दिसतं, शोधणाऱ्याला दिसावं म्हणूनच. आम्ही त्याच्यावर विनोद करायचो. आदेश म्हणायचा, आपण कुठं पडणार, पडलो तर बांधावरून." तो उठून गजांपाशी आला. "त्यानं कुणी बघावं म्हणून केलं ते, मॅडम. आणि मी चिंचेपाशी उभा होतो."

प्रतीक्षानं मुद्देमालातलं जॅकेट मागवलं. ते जसं सापडलं तसंच, उलटंच, सील करून ठेवलेलं होतं. तिनं पंचांसमोर ते सुलटं केलं. आतून जड हिरवं कापड बाहेर आलं. खांद्यावर बिल्ल्याच्या जागी दोऱ्याची बारीक टोकं होती, एकेक टाका ब्लेडनं सोडवलेला, कापडाला ओरखडा नाही. भांडणात उपटलेला बिल्ला असा निघत नाही. डाव्या बाहीवर पेनं ठेवायचा छोटा खिसा होता. त्याची चेन उघडली तर आत तो बिल्ला, घडी घालून ठेवलेला.

हेच त्याला दाखवायचं होतं. भांडून घरी आल्यावर न जेवता त्यानं बसून हे केलं होतं.

आता सगळं जागेवर बसत होतं. मोटर सुरू करायला जाताना पहाटेच्या धुक्यात तालीवरून पाय निसटला. मांडी मोडली, फासळी फुफ्फुसात घुसली (तसं डॉक्टरांनी लिहिलं होतं), हाकेला दम राहिला नाही, असता तरी ब्लोअरपुढे ऐकू गेली नसती. मोबाईल पाण्यात. समोर घर दिसतंय, घासात आई दिसतेय. त्यानं जॅकेट काढलं, उलटं केलं आणि हलवत राहिला. हात थकले तेव्हा थंडीनं तेच अंगात चढवलं. ज्या रंगानं जगभर कोणालाही तो दिसला असता, त्या रंगानं तो इथे लुगड्यांच्या ओळीतलं एक लुगडं झाला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. "कल्पना छान आहे. पण जॅकेट कधी उलटं झालं, ह्याला साक्षीदार कोण? डॉक्टर म्हणतात मरण दुपारच्या आधी कधीतरी. पोरगं दहाला तिथं होतं. दहाच्या आधी ते नारिंगी कुणी पाहिलं असेल तर आणा, मी ह्याला सोडतो. नाहीतर उद्या कोर्टात कोठडी वाढवून घेतो."

पाहणारी एकच होती. प्रबुद्ध सुटायचा तर त्या बाईला सांगावं लागणार होतं की तिनं काय पाहिलं. जीपमध्ये बसताना प्रतीक्षाला वाटलं, खुनी सापडला असता तर किती बरं झालं असतं. निदान त्या आईला शिव्याशाप द्यायला एक तोंड मिळालं असतं.

५

साळुबाई घासाच्या वावरात होती. मुलगा गेला म्हणून म्हशी उपाशी ठेवता येत नाहीत. सोपान बांधावर उभा होता, अक्षदा आईशेजारी. प्रतीक्षा चपला काढून वावरात उतरली आणि बाईच्या समोर, जमिनीवर बसली.

"मावशी, परवा सकाळी लुगडं हलत होतं म्हणालात. सगळी हलत होती?"

"न्हाई. येकच."

"कधीपासून?"

"घास कापाया आले तवापसनं. दिस उगवत व्हता. धुईत निसता रंग दिसायचा."

"कुठला रंग?"

"नारिंगी." तिनं पुढची मूठ धरली आणि विळा थांबला. "माझं तसलं लुगडं न्हाई. म्हनलं, ह्या पोरीनं तिची ओढनी बांधली आसंल."

"मी नाही बांधली, आई," अक्षदा म्हणाली.

साळुबाईनं ओढ्यापलीकडे पाहिलं. धुई नव्हती, ऊन होतं. जांभळं, मोरपंखी, पिवळं, गुलबक्षी. ती एकेक रंग पाहत गेली आणि टोकाला पोचून पुन्हा पहिल्यापासून पाहू लागली. आत्ता उठून जावं, असं प्रतीक्षाला फार वाटलं.

"त्याच्या जाकिटाला," साळुबाईनं विचारलं, "आतून कुठला रंग व्हता?"

खोटं बोलणं सोपं होतं. कोठडीतलं पोरगं प्रतीक्षाच्या डोळ्यांसमोर आलं, चिंचेपाशी उभं राहून शिव्या घालणारं.

"नारिंगी," ती म्हणाली.

अक्षदानं तोंडात पदरासारखी ओढणी कोंबली. सोपान बांधावर होता तो खाली बसला. "आरं देवा," तो म्हणाला. साळुबाई रडली नाही. तिनं विळा बाजूला ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि मांडीवर ठेवले.

"त्या पोरानं काय केलं न्हाई मंग," ती म्हणाली.

"नाही, मावशी. पण तुम्ही सांगितलंत तरच तो सुटेल. दिवस उगवताना तुम्ही नारिंगी पाहिलंत, एवढं लिहून हवं."

"लिवा."

"तिला नका तरास दिऊ," सोपान म्हणाला. त्याच्या आवाजात आता 'तुमचा माणूस' नव्हता, कसलाच जोर नव्हता. "मी सांगतो काय त्ये."

"तुमी कुटं व्हता?" साळुबाई म्हणाली. "मी व्हते."

प्रतीक्षानं मांडीवर पॅड घेऊन जबाब लिहिला. कुठे बसले होते, तोंड कोणीकडे होतं, उजाडताना काय दिसलं, कोणत्या रंगाचं, ते हलत होतं. लिहून झाल्यावर तिनं तो वाचून दाखवला, कारण तसं करावंच लागतं. साळुबाई मान खाली घालून ऐकत होती. सही करायला पेन दिलं तर तिनं ते घेतलं नाही.

"अजून राहिलंय," ती म्हणाली. "लई येळ हालत व्हतं त्ये. मी टमाटी तोडाया गेले तवाबी हालत व्हतं. मंग हळूहळू थांबलं. थांबलं तवा म्हनलं, बरं झालं, फाटलं न्हाई."

प्रतीक्षानं पेन मागे घेतलं. "हे लिहायची गरज नाही, मावशी."

"लिवा. समदं लिवा. येकदा वाटलं बी, जाऊन बघावं. मंग म्हनलं, गाठ सुटली आसंल. सांजच्याला जाऊन घट बांधीन."

प्रतीक्षानं ते लिहिलं. आणि मग, लिहिलेलं सगळं वाचून दाखवावं लागतं म्हणून, तिनं ते त्या बाईला पुन्हा वाचून दाखवलं.